गाडी चालू असेपर्यंत

चालत्या गाडीत नुसता मोबाइल बघितला तरी चांगल्या-चांगल्यांच्या पोटात ढवळतं. ही बाई चालत्या गाडीत लग्नं कापायची. मांडीवर उशी, उशीवर टॅबलेट, कानांवर मोठे हेडफोन आणि हातात पांढरं पेन. सकाळी लागलेलं लग्न संध्याकाळच्या जेवणाला पडद्यावर दिसलंच पाहिजे, अशी हल्ली लोकांची हौस. लग्न शहराच्या एका टोकाला, जेवणाचा हॉल दुसऱ्या टोकाला, आणि मधला दीड तासाचा रस्ता हेच तिचं ऑफिस. घरी टेबल होतं, मोठा पडदा होता, फिरती खुर्चीसुद्धा होती. पण घरी वेळ कुणाला मिळतो? वेळ गाडीतच मिळायचा.

धंद्यातली माणसं तिला तोंडावर वहिनी म्हणत आणि पाठीमागे कात्री. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, उगाच खोटं कशाला बोला. चार तासांच्या चित्रणातून सात मिनिटं अशी काढायची, की नवरीच्या म्हाताऱ्या आत्यालाही वाटावं, सगळं आलं बाई. जांभया गेल्या, रुसवे गेले, घास घेताना उघडलेली तोंडं गेली. उरलं ते सगळं गोडच गोड.

गाडी चालवायला मामा. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण ड्रायव्हरच्या जागेवर बसल्यापासून जगाचे मामा झाले होते. रस्त्यात गतिरोधक दिसला की ते ओरडत, "उचला!" आणि ती पेन काचेवरून उचलायची. खड्डा असला की "मोठं उचला!" एकदा ऐन वेळी मामांना शिंक आली आणि ओरडायचं राहिलं. पेन घसरलं आणि नवरीच्या बापाचं अर्धं भाषण उडालं. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. "पुण्य लागलं आपल्याला," मामा म्हणाले, "लोक वेळेवर जेवले."

आणि कॅमेरा धरायचा तिचा नवरा.

नवरा बोलताना अडखळायचा. थोडंथोडकं नाही. दुकानात साबण मागायचा तर मागे रांग लागायची. शाळेत पोरांनी छळला, नातेवाइकांनी चेष्टा केली, मोठेपणी लोकांनी दया दाखवली, आणि त्याला ही दया चेष्टेपेक्षा जास्त लागायची. त्याने एकदाच तिला सांगितलं होतं, ते वाक्य बाहेर पडायला दोन मिनिटं लागली होती. "लोक मा-माझ्या तोंडाकडे बघतात ना, की शब्द आ-आत पळून जातो."

पण कॅमेरा डोळ्याला लावला की हाच माणूस वेगळा व्हायचा. सगळे काचेकडे बघतात, कॅमेऱ्यामागच्या माणसाच्या तोंडाकडे कोण बघतंय? मग तो स्वतःशीच पुटपुटायचा, आणि पुटपुटणं एकदम सरळ, पाण्यासारखं. "थांब... थांब... आता बघेल ती... हं, बघितलं. आता मान खाली घालेल." आणि समोरचं माणूस अगदी तसंच करायचं. अठरा वर्षं तिने हेडफोनमध्ये हा आवाज ऐकला. तिच्याशिवाय तो कुणीही ऐकला नाही, कारण तिचं पहिलं काम म्हणजे तो काढून टाकणं. नवरीच्या डोळ्यांत पाणी आलंय आणि मागे कुणीतरी "अजून एक थेंब" म्हणतंय, हे चालेल का कुणाला? पहिल्याच दिवशी त्याने तिच्याकडून वचन घेतलं होतं, माझा आवाज एकाही फिल्ममध्ये ठेवायचा नाही. गाडीचं दार उघडून आत बसला की पहिला प्रश्न ठरलेला. "मा-माझं काढलंस ना?"

"काढलं," ती म्हणायची.

फिल्म दिली, लोक खूश झाले, की रविवारी कॅमेऱ्याची सगळी मेमरी कार्डं पुसून पुढच्या लग्नासाठी रिकामी. धंद्याची रीतच ती. एवढं चित्रण साठवायला गोदाम लागेल.

चौदा महिन्यांपूर्वी एका साध्या मंगळवारी, चहा ठेवलेला असताना, लेन्स पुसता पुसता तो खुर्चीत कलंडला. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय सेहेचाळीस. चहा उतू गेला तो तिला दुसऱ्या दिवशी दिसला.

महिना गेला असेल नसेल, सासूबाई म्हणाल्या, "त्याचा आवाज लाव ग जरा."

सासूबाईंचे डोळे साखरेने आधीच अधू झालेले. तो गेल्यावर जे उरलंसुरलं होतं तेही गेलं. भिंतीवर त्याचा मोठा फोटो लावला होता, तर त्या म्हणाल्या, "मला फोटो आणि भिंत सारखीच आहे. आवाज लाव."

तिने शोधायला घेतलं. मोबाइलमध्ये बोलून पाठवलेला एकही निरोप नाही. अडखळणारा माणूस बोटांनी टाइप करतो, बोलून कशाला पाठवेल? मग तिने जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले, त्यांच्याकडच्या फिल्मा मागवल्या. एकवीस लग्नं, चार निवृत्तीचे समारंभ, एका शाळेचा पन्नासावा वाढदिवस. एकेक फिल्म डोळे मिटून ऐकली. कुठे खोकला नाही, कुठे श्वास नाही, एक हुंकार नाही. इतकं स्वच्छ काम, की तिलाच तिचा राग आला. आपल्याच हातांनी आपल्याच माणसाला अठरा वर्षं पुसत बसलो, आणि लोक कात्री म्हणाले की मनात फुगत होतो!

"घरात एवढी यंत्रं," सासूबाई म्हणाल्या, "आणि माझ्या लेकाचा एक शब्द नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तूच कापलास ना त्याचा आवाज?"

"हो," ती म्हणाली. त्यानेच कापायला सांगितलं होतं, हे ती बोलली नाही. बोलली असती तर पुढचा प्रश्न आला असता, का सांगितलं? आणि त्याचं उत्तर आईला देऊ नकोस, असं तो एकदा म्हणून गेला होता. तेव्हा ही बाई वर्षभर म्हातारीचे बोल खात राहिली. सून म्हणजे काय, बोल खायला जन्मलेलीच.

धंदा मात्र थांबवून चालणार नव्हतं. धाकट्या दिराने कॅमेरा हातात घेतला. हा सरळ बोलणारा, हसरा गडी, कामाला बरा. चित्रण करायचा, मेमरी कार्ड गाडीत आणून द्यायचा आणि स्वतः मोटरसायकलवरून पुढे हॉलवर जायचा.

साताठ महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका लग्नाच्या दुपारी ती नेहमीसारखी गाडीत बसून साफसफाई करत होती. क्लिप साधीच होती. नवरीचा बाप दारात उभा, आत यावं की नाही अशा अवघडलेल्या चेहऱ्याने. डाव्या कानात श्वास ऐकू आला, मग हलकंसं, "थांब... थांब... आता बघेल." बापाने मान वर करून बघितलं.

तिचं पेन सवयीने चाललं. आवाज खुणेत घेतला, कापला, पुढे. पुढच्या क्लिपची चार सेकंदं गेली, आणि मग तिच्या हातून पेन खाली पडलं.

तिने घाईघाईने मागचं परत आणलं, क्लिप पुन्हा लावली. बाप दारात उभा, बापाने मान वर केली. आवाज नाही. पुन्हा लावली. काही नाही. गाडी सिग्नलला उभी होती, बाहेर हॉर्न वाजत होते. वेडी झालीस, तिने स्वतःला सुनावलं. तेवढ्यात सिग्नल सुटला, चाकं हलली, आणि डाव्या कानात, अगदी कानाच्या पाळीला लागून, "थांब... आता बघेल."

टॅबलेटच्या काचेवर आवाजाबरोबर वरखाली होणारी जी रेघ दिसते, ती त्या जागी सपाट होती. नुसती आडवी रेघ. आणि चित्रात, बापाच्या मागे, तिचा दीर भिंतीला टेकून बाटलीतलं पाणी पीत होता. म्हणजे कॅमेऱ्यामागे कुणीच नव्हतं.

हॉलवर पोहोचल्यावर तिने दिराला बाजूला घेतलं. "भावजी, दारातला तो शॉट घेताना तुम्ही काही बोलत होतात का?"

"मी? मी पाणी पीत होतो वहिनी, दिसतोय की त्यात." मग तो जरा घुटमळला. "पण एक सांगू? ट्रायपॉड मी दाराच्या बरोब्बर समोर लावला होता. पाणी पिऊन आलो तर तो डावीकडे कोपऱ्यात. कुणा पाहुण्याने सरकवला असेल म्हणा. शॉट मात्र झकास आला, दादा लावायचा ना, अगदी तसा."

तिने त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार? सांगितलं असतं तर त्याने आधी डॉक्टर शोधला असता.

पुढच्या पाच लग्नांत तिने सगळं करून बघितलं. घरी क्लिप लावली तर चिडीचूप. गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवलं तरी चिडीचूप. चाकं फिरायला लागली की आवाज यायचा, चाकं थांबली की जायचा, मध्येच तोडल्यासारखा. मोबाइल हेडफोनला चिकटवून तिने तो टिपायचा प्रयत्न केला. घरी ऐकलं तर त्यात गाडीचा खुळखुळाट आणि मामांचं "मोठं उचला!" एवढंच होतं.

"वहिनी," मामा आरशातून बघत म्हणाले, "हल्ली तुम्ही सिग्नलला फार शिव्या घालता. पूर्वी मी घालायचो."

आधी तिला भीतीपेक्षा आनंदच जास्त होता. लपवायचं कशाला, ती लग्नाच्या दिवसाची वाट बघायला लागली होती. गाडीत बसली की डावीकडे थोडी सरकून बसायची, जणू जागा करून दिल्यासारखी. पण हळूहळू तो आवाज नुसत्या पूर्वीसारख्या पुटपुटण्यावर थांबेना. एका क्लिपमध्ये लग्नाच्या आधीचा रिकामा हॉल होता. पांढऱ्या खुर्च्यांच्या रांगा, एकही माणूस नाही, पंखेही बंद. दीर असे रिकामे शॉट फिल्मच्या सुरुवातीला टाकायला घेऊन ठेवायचा. आणि डाव्या कानात तो समाधानाने म्हणाला, "बघ, सगळे आलेत."

तिने रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं. मग तिला त्यांच्याकडे बघवेना. ती क्लिप तिने घेतलीच नाही.

आणि त्याच दिवशी, नवरा-नवरी हसताहेत अशा चित्रावर, एकही शब्द न अडखळता, "माझं काढलंस ना?"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची मेल्यावरही गेली नव्हती. पण हसू कुणाला येतंय? जिवंत असताना हा प्रश्न तो गाडीत बसून विचारायचा, कधीच चित्रणात नाही. म्हणजे हे जुनं काही यंत्रात अडकून राहिलेलं नव्हतं. हा आत्ता विचारत होता.

"नाही काढलं," ती मोठ्याने म्हणाली. "आणि काढणार नाही."

मामांनी आरशात बघितलं आणि रेडिओचा आवाज कमी केला. त्या दिवशी ते हॉल येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत, आणि मामांच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

सासूबाईंना गाडीत आणावं असं तिच्या मनात आलं होतं, पण हिय्या होत नव्हता. आंधळ्या म्हातारीच्या कानाला आपण काय लावणार आहोत? तिचा लेकच आहे का तो, की लेकाच्या आवाजात भलतंच काही? रिकाम्या खुर्च्यांवर बसलेल्यांना बघणारा तो कोण?

मग एका सकाळी सासूबाई कॉटवर उठून बसलेल्या तिला दिसल्या. केस विंचरायची फणी हातात तशीच. चेहरा असा, की तिने हातातलं काम टाकलं.

"काय झालं आई?"

"त्याचा आवाज आठवेना ग," सासूबाई म्हणाल्या. "तोंड दिसतं. ओठ हलतात. पण आवाज नाही. काल दिवसभर आठवतेय. पोटच्या पोराचा आवाज विसरले मी. मी कसली आई?"

वर्षभर टोचून बोलणारी बाई, तिच्या तोंडून असं ऐकल्यावर सुनेला रडूच फुटलं. भीती गेली चुलीत! ती म्हणाली, "आई, शनिवारी माझ्याबरोबर गाडीतून चला."

"मला आंधळीला लग्नात नेऊन काय दाखवणार आहेस?"

"दाखवायचं नाही. ऐकवायचंय."

शनिवारी लग्न आटोपलं, दिराने कार्ड दिलं आणि तो पुढे गेला. मामांनी सासूबाईंना हात धरून मागच्या सीटवर बसवलं. "या मावशी, बसा. कधी नव्हे ते आमच्या गाडीला घरचं वडीलधारं माणूस मिळालं." सासूबाईंनी सीट चाचपली, दार चाचपलं, उशी चाचपली आणि "गाडी बरी ठेवलीय हो," असं प्रशस्तिपत्रक दिलं. संध्याकाळचे पाच वाजले होते. सातला हॉलवर फिल्म लागायची होती, आणि अजून अर्धी फिल्म जोडायची बाकी होती. तिने तासभर मान मोडून काम केलं. आवाज आला, गेला, आला. ती ऐकत राहिली, कापत राहिली. दोन मिनिटांची फिल्म बाकी राहिली तेव्हा तिने ती क्लिप निवडली. नवऱ्या मुलाची आई आणि मुलगा शेजारी बसलेत, आई त्याच्या कॉलरवरचं काहीतरी झटकतेय. चाळीस सेकंदांची क्लिप. गाडी वेगात होती, रस्ता सरळ होता. तिने स्वतःचे हेडफोन काढले आणि सासूबाईंच्या पांढऱ्या केसांवरून अलगद बसवले.

"काय ऐकायचं?"

"नुसतं ऐका."

तिने पेन टेकवलं. सासूबाईंनी तोंड किंचित उघडं ठेवलं होतं. मग त्यांची मान डावीकडे वळली.

"कुणीतरी बोलतंय."

"काय म्हणतंय?"

"हळू... हळू... आता हसेल ती. असं काहीतरी." त्यांच्या कपाळाला आठी पडली. "कोण ग हा?"

क्लिपमधली आई हसली. सून त्यांच्याकडे झुकली. "आई, ते आहेत. तुमचा मुलगा."

सासूबाईंनी हेडफोन ओरबाडून काढले. "मला माझा लेक ओळखायला शिकवू नकोस! नऊ महिने पोटात वाढवलाय. हा घडाघडा बोलतोय. माझा असा बोलत होता का कधी? एकेक वाक्य संपेपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा. म्हातारी विसरली म्हटल्यावर कुणाचाही आवाज आणून फसवतेस होय मला?"

असं असतं बघा. वर्षभर ज्यासाठी जीव टाकला, ते हातात ठेवलं तर म्हणे आमचं नाही. तिला रागही आला, आणि रागाच्या भरात वर्षभर दाबून ठेवलेलं बाहेर पडलं.

"कॅमेऱ्यामागे ते असेच बोलायचे, आई. अठरा वर्षं. एकदाही अडखळले नाहीत. मी ऐकलंय रोज. आणि आवाज मी माझ्या मनाने नाही कापला, त्यांनीच कापायला लावला. तुम्हाला सांगू नकोस म्हणाले."

"मला का नको?"

आता मागे फिरायला जागा नव्हती. "बाहेर सरळ बोलता येतं आणि घरी तुमच्यासमोर येत नाही, हे कळलं तर तुम्हाला लागेल म्हणून. त्यांच्याकडे कुणी बघत असलं की त्यांना बोलता यायचं नाही."

गतिरोधक आला. मामा ओरडले नाहीत. गाडी धाडकन उडाली, टॅबलेट उशीवरून घसरला आणि तिने तो कसाबसा धरला. सासूबाई मात्र हेडफोन दोन्ही हातांनी छातीशी धरून तशाच बसून होत्या.

मग त्या बोलल्या. "मी बघत बसायचे ग. त्याच्या तोंडाकडे. शब्द बाहेर येईपर्यंत डोळे फाडून बघत बसायचे. मला वाटायचं, आपण बघत राहिलो की पोराला धीर येईल." त्यांच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "चाळीस वर्षं बघितलं मी."

सासूबाईंनी स्वतःच हेडफोन उचलले, चाचपडत डावा-उजवा कान शोधला आणि घातले.

"लाव परत. आणि त्याला सांग, मला आता दिसत नाही म्हणावं. काही म्हणजे काही दिसत नाही. आता बोल म्हणावं."

असं कुणाला सांगतात का कधी? पण ती टॅबलेटवर वाकली, पेन टेकवलं आणि मामांची लाज न धरता मोठ्याने म्हणाली, "आईंना आता दिसत नाही. बोला."

चाळीस सेकंदं ती सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती. क्लिप संपली. पडद्यावर कॉलर झटकणारा हात तसाच थिजून राहिला. ती पुन्हा लावायला पेन नेणार, तोच सासूबाईंनी बोट वर करून तिला थांबवलं. मान हलवत त्या हळूच म्हणाल्या, "हं." मग, "हं, मग?" मग त्या चक्क हसल्या, दाताची फट दिसेल असं.

मिनिटभराने टॅबलेटचा पडदा आपोआप काळा झाला. सासूबाई ऐकतच होत्या.

तिने त्यांच्या खांद्याशी कान नेला. हेडफोनमधून बाहेर काहीही झिरपत नव्हतं. तिच्या हक्काचा तो डावा कान आज तिचा नव्हता. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली.

"हॉल आला वहिनी," मामा म्हणाले. फाटकाशी दिव्यांच्या माळा होत्या, लोक आत जात होते, आणि दीर पायरीवर उभा राहून हात हलवत होता.

"थांबवू नका. पुढे घ्या."

"अहो, सात वाजायला आले. फिल्म?"

"मामा, थांबवू नका म्हटलं ना!"

मामांनी गाडी पुढे काढली, चौकातून वळवली, हॉलच्या मागच्या रस्त्याने पुन्हा फाटकाशी आणली आणि न विचारता पुन्हा पुढे घेतली. मोबाइल वाजला, दिराचा होता. तिने तो उपडा घालून ठेवला. तिसऱ्या फेरीला लोक बसलेले दिसत होते, समोर पांढरा पडदा रिकामा होता. इतक्या वर्षांत तिची फिल्म एक मिनिट उशिरा लागली नव्हती. चौथ्या फेरीला दीर रस्त्यावर उतरून गाडीच्या मागे धावला आणि मागे पडला.

सासूबाई बोलत होत्या, ऐकत होत्या, मध्येच "खरंच?" म्हणत होत्या. "तुझ्या वडलांना नाही ना सांगितलंस?" म्हणत होत्या. वडील जाऊन तीस वर्षं झाली होती. मामांनी आरसा वर वळवून ठेवला होता, मागचं दिसू नये म्हणून.

सहाव्या फेरीला सासूबाईंनी हात पुढे केला आणि सुनेचं मनगट घट्ट पकडलं.

"अग, तो विचारतोय, अजून किती वेळ आहे?"

तिने पुढे वाकून बघितलं. मामाही तिकडेच बघत होते. डिझेलचा काटा खालच्या लाल रेघेला टेकला होता. डिझेल जरा जास्त पुरावं म्हणून मामांनी वेग थोडा कमी केला.